शीव, हद्द आणि नंबरप्लेट : बेळगाव-निपाणी सीमाभागातील वाहनचोरीचा इतिहास

बेळगाव जिल्ह्यातील वाहनचोरीच्या आकड्यांवर जिल्ह्याच्या सीमांची दाट सावली आहे. क्षेत्रफळाने हा कर्नाटकातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचा विस्तार १३,४१५ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख ८० हजार होती. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले जिल्हे त्याला लागून आहेत, नैऋत्येला गोवा आहे. निपाणीहून निघालेली मोटारसायकल अर्ध्या तासात कागलला पोहोचते, बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघालेली त्याहून कमी वेळात शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्यात. गाडी बेळगावात चोरीला जाते, तिची नोंद कोल्हापूरच्या आरटीओत असते आणि ती सापडते तिसऱ्याच ठिकाणी. एका घटनेचे असे तीन तुकडे तीन दप्तरांत पडतात. त्यामुळे इथल्या चोरीचा दर काढायचा तर भागाकार कशाला कशाने करायचा, हाच पहिला प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न मोटारींच्याही आधीचा आहे. पेशवाईच्या अखेरीस शेतकऱ्याचे वाहन म्हणजे बैलगाडी आणि तिचे इंजिन म्हणजे बैलजोडी. बैल चोरीला गेले तर नांगरट, पेरणी आणि बाजाराची फेरी, सगळेच थांबे. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात चोरीच्या तपासाची गावगाड्यातील रीत नोंदली आहे. चोरी झाली की गावच्या जागल्याने माग काढायचा. माग आपल्या शिवेबाहेर गेला हे दाखवून तो पुढच्या गावाच्या हवाली केला, की त्याची जबाबदारी संपे आणि दुसऱ्या गावाची सुरू होई. माग पुढे नेता आला नाही तर भरपाई जागल्याकडून त्याच्या ऐपतीप्रमाणे आणि उरलेली गावाकडून वसूल होई. ही रीत कठोर होती आणि गरीब जागल्यावर अन्याय करणारीही होती. तरी तिच्यात एक गोष्ट पक्की होती, ती म्हणजे शिवेवर तपास थांबत नसे. तो एका गावाच्या हातून दुसऱ्या गावाच्या हाती जाई आणि दोन्ही गावांना त्याचा हिशेब द्यावा लागे.

माग काढण्याचे हे कसब महार, रामोशी, बेरड अशा समाजांकडे होते. ओल्या मातीतला खुराचा ठसा पाहून जनावर केव्हा गेले, दमलेले होते की नाही, सोबत किती माणसे होती, हे ते सांगत. पुढे याच रामोशी-बेरडांसह अनेक समाजांतील लोकांवर ब्रिटिश सरकारने गुन्हेगारीचा शिक्का मारला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि देशभरातून तो पुसला जायला १९५२ उजाडले. पिढ्यान्‌पिढ्या चोराचा माग काढणाऱ्यांनाच हजेरीच्या रजिस्टरात नेऊन बसवणे, हा या इतिहासातला सर्वांत दुःखद भाग आहे. त्याचा परिणाम आकड्यांवरही झाला. चोरी कुठे होते यापेक्षा ती कोण करत असेल, या संशयावरच पोलिसांची कागदपत्रे भरू लागली.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला. सुरुवातीला हा मुलूख धारवाडबरोबर होता. १८३६ मध्ये बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण हा सलग मुलूख नव्हता. रायबाग कोल्हापूर संस्थानात, निपाणी इंग्रजी अमलात आणि कागल पुन्हा कोल्हापूरकडे. जमखंडी, मिरज, कुरुंदवाड, रामदुर्ग, सांगली यांची गावे इंग्रजी गावांत विखुरलेली होती. बेळगाव शहरातच याचा नमुना पाहायला मिळे. आज शहराचाच भाग असलेले शहापूर सांगली संस्थानात होते. शेजारची पेठ इंग्रजांची आणि कॅम्प लष्कराच्या कँटोन्मेंटमध्ये. म्हणजे पेठेतून सुटलेली सायकल किंवा टांग्याचा घोडा काही मिनिटांत दुसऱ्या राज्यात जाई. शहापूरची साडी आणि सराफी यांमुळे तिथे रोज शेकडो लोक ये-जा करत. त्यांना कोणी अडवत नसे. पोलिसांना मात्र अडसर होता. संस्थानात गुन्हा करून इंग्रजी मुलखात आलेल्या आरोपीला ताब्यात घ्यायचे तर १९०३ च्या प्रत्यार्पण कायद्याप्रमाणे पोलिटिकल एजंटचे वॉरंट लागे. लहानशा चोरीसाठी एवढा व्याप कोण करणार? अशा चोऱ्या कागदावर येण्याआधीच विरून जात. बहुतेक वेळा दोन्हीकडचे पाटील आपसांत मिटवत, आणि ते बऱ्याचदा अधिक लवकर होई.

सांगली संस्थान मार्च १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर जेमतेम साडेसात वर्षे अशी गेली की बेळगाव, शहापूर, निपाणी, कागल, रायबाग आणि चंदगड एकाच राज्याच्या पोलिसांकडे होते. गेल्या दोन शतकांत या पट्ट्याला मिळालेला हा एवढाच सलग काळ.

वाहनाला स्वतःची ओळख देण्याची सुरुवात दरम्यान झाली होती. १९१४ च्या मोटार कायद्याने मोटारींच्या नोंदणीला देशपातळीवर चौकट दिली आणि १९३९ च्या कायद्याने ती पक्की केली. सायकलींवर बऱ्याच नगरपालिका वार्षिक कर बसवत आणि पावतीबरोबर पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसलेली सायकल पोलीस अडवत. करवसुलीसाठी निघालेल्या या बिल्ल्याचा उपयोग मालकी दाखवायलाही होई. तासावर सायकली भाड्याने देणारे दुकानदार मडगार्डवर दुकानाचे नाव आणि अनुक्रमांक रंगवून घेत. पण बिल्ला स्क्रूने बसवलेला आणि नाव रंगाने लिहिलेले. दोन्ही काढायला पाच मिनिटे पुरत. खरा पुरावा सायकलच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबराचा, आणि तो किती मालकांनी कधी टिपून ठेवला असेल? चोरीची फिर्याद द्यायला गेलेल्याला सायकलचा रंग सांगता येई, नंबर सांगता येत नसे. अशी फिर्याद नोंदली गेली तरी तपासाला तिचा उपयोग होत नसे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. भाषेवरून आणि हक्कांवरून उठलेला सीमावाद, १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा, हा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. पोलिसी कामावर काय परिणाम झाला, याची चर्चा फार कमी झाली. नव्या गाड्यांवर म्हैसूरची ‘एमवाय’ने सुरू होणारी अक्षरे आली आणि जुन्या गाड्या मुंबई राज्याच्या अक्षरांनिशी त्याच रस्त्यावर धावत राहिल्या. फिर्यादीची भाषा हळूहळू कन्नड झाली. गावपातळीवरचा बदल तर त्याहून खोल होता. म्हैसूर राज्याने १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत गावकामगारांची पदे रद्द केली. महाराष्ट्राने १९६७ चा ग्रामपोलीस अधिनियम करून पोलीस पाटील हे पद नव्या स्वरूपात टिकवले. त्यामुळे आजही चंदगड किंवा कागल तालुक्यातल्या गावात अनोळखी गाडी दोन दिवस उभी राहिली तर ठाण्याला कळवणारा पोलीस पाटील असतो. पाच किलोमीटरवरच्या निपाणी किंवा खानापूर तालुक्यातल्या गावात ते काम अनेक गावांची जबाबदारी असलेल्या बीट कॉन्स्टेबलकडे असते. शीव तीच, पण तिच्या दोन्ही बाजूंना माग हाती घेणारा माणूस आता एका दर्जाचा उरलेला नाही.

मोटारींची संख्या कमी होती तोवर हे फारसे जाणवले नाही. १९७० च्या दशकापर्यंत इथल्या गावांत ॲम्बेसिडर, जीप आणि राजदूत कोणाची आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. ओळख हेच कुलूप होते. हे चित्र दुचाकीने बदलले. १९७२ मध्ये लूना आणि चेतक आल्या, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. ऊस, तंबाखू आणि दुधाच्या पैशाने गावोगावी मोटारसायकली आल्या. एकाच रंगाच्या, एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्या बेळगावच्या गणपत गल्ली, खडे बाजार आणि बसस्थानकाच्या बाहेर ओळीने लागू लागल्या. चोराच्या दृष्टीने यात दोन सोयी होत्या. गर्दीत गाडी ओळखू येत नाही, आणि जी गाडी सर्वांत जास्त विकली जाते तिच्या सुट्या भागांना सर्वांत जास्त गिऱ्हाईक असते. जुन्या दुचाकींची कुलपे साधी होती. झिजलेली चावी दुसऱ्या गाडीला लागे, हँडल लॉक जोराच्या हिसक्याने तुटे. महागड्या गाडीपेक्षा साधी गाडी अधिक चोरीला जाते ती यामुळेच.

१ जुलै १९८९ पासून १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरे व आरटीओचा आकडा अशी आजची पद्धत रुजली. बेळगावला केए-२२, निपाणी ज्याच्याखाली येते त्या चिक्कोडीला केए-२३, कोल्हापूरला एमएच-०९, सिंधुदुर्गला एमएच-०७. कायद्याने दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंद करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, ती गाडी चोरीच्या यादीत नाही याची खात्री हवी, शिवाय नव्या राज्याचा कर भरायचा. सीमाभागात हे काटेकोर पाळले जात नाही, कारण इथले कुटुंबच दोन राज्यांत पसरलेले आहे. लेक निपाणीला दिलेली, गाडी गडहिंग्लजच्या भावाच्या नावावर. शेत संकेश्वरला, घर कोल्हापुरात. नुसत्या स्टँप पेपरवर विकलेल्या आणि आरसी बुकावर जुन्याच मालकाचे नाव असलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. हे लोक गुन्हेगार नाहीत. पण त्यांच्या अर्धवट कागदांच्या गर्दीत चोरीची गाडी बेमालूम मिसळून जाते.

चोरीच्या दराचे गणित इथेच फिसकटते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, गुन्ह्यांचा दर एक लाख लोकसंख्येमागे काढतो. वाहनचोरीला हे माप अपुरे आहे, कारण चोरी वाहनाची होते आणि सर्व शहरांत माणशी वाहने सारखी नसतात. त्यापेक्षा दहा हजार नोंदणीकृत वाहनांमागे किती चोऱ्या, हे माप बरे. पण बेळगावला तेही सरळ लागू पडत नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातले लोक केएलईच्या इस्पितळासाठी, कॉलेजसाठी, लग्नाच्या खरेदीसाठी बेळगावला येतात. त्यांची एमएच-०९ ची गाडी इथे चोरीला गेली तर गुन्हा बेळगावच्या खात्यात चढतो. वाहनसंख्येत मात्र ती कोल्हापूरच्या खात्यात असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा शहरात वर्षभरात ३०० दुचाकी चोरीला गेल्या, लोकसंख्या ५ लाख आणि स्थानिक नोंदणीची वाहने ४ लाख. लोकसंख्येवर दर लाखी ६० येतो, वाहनांवर दहा हजारी ७.५. त्या ३०० पैकी ६० गाड्या बाहेरच्या नोंदणीच्या निघाल्या तर स्थानिक गाडीचा खरा धोका दहा हजारी ६ वर येतो. शहर तेच, चोर तेच, आणि आकडे तीन. उलट बाजूही आहे. भंगारात गेलेल्या पण नोंदणी रद्द न केलेल्या गाड्या आरटीओच्या यादीत जिवंत राहतात. त्या भाजकात धरल्या की दर खोटाच कमी दिसतो.

हद्दीही एकमेकांशी जुळत नाहीत. बेळगाव शहराला २०१४ पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. निपाणी, चिक्कोडी, खानापूर हा भाग जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आहे. महसूल जिल्हा एक, पोलीस घटक दोन, आरटीओ त्याहून जास्त. ‘बेळगावातील वाहनचोरी’ असा मथळा वाचताना तो शहराचा आहे की जिल्ह्याचा, हे आधी पाहायला हवे. त्यात एनसीआरबीचा मुख्य गुन्ह्याचा नियम आहे. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. त्यामुळे चालकाला मारहाण करून पळवलेला ट्रक वाहनचोरीत दिसत नाही, तो दरोड्यात किंवा जबरी चोरीत जातो.

मोजणीच्या आधीची गळती वेगळीच. फिर्याद देणे सोपे नाही. गडहिंग्लजचा शेतकरी रुग्णाला घेऊन बेळगावला येतो, इस्पितळाच्या दाराबाहेर लावलेली गाडी तासाभरात गायब. आधी सगळ्या गल्ल्यांत शोध. मग जवळच्या ठाण्यात गेल्यावर जागा शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत निघते. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, ती त्याला वाचता येत नाही. गाडी जुनी, विमा फक्त तृतीय पक्षाचा, म्हणजे चोरीची भरपाई नाहीच. सर्वंकष विमा असला तर कंपनी फिर्यादीची प्रत, दोन्ही चाव्या आणि गाडी सापडली नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. हा अहवाल महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणून आणि कर्नाटकात ‘सी’ रिपोर्ट म्हणून ओळखला जातो. दहा-पंधरा हजारांच्या गाडीसाठी चार फेऱ्या मारायचे त्राण त्याच्यात नसते. म्हणून दर कमी दिसणे म्हणजे चोऱ्या कमी, असा अर्थ लावता येत नाही. एखाद्या ठाण्यात फिर्यादी तत्परतेने घेतल्या जाऊ लागल्या तर आकडा वाढतो, आणि ती वाढ चांगल्या कामाची खूण असते. अशा ठाण्याला आकड्यावरून दोष देणे अन्यायाचे आहे.

सापडलेल्या गाड्यांचा आकडाही जपून वाचावा लागतो. टोळी सापडली की एका दिवसात वीस-तीस गाड्या मिळतात आणि ठाण्यासमोर ओळीने लावून छायाचित्र निघते. त्या गाड्या दोन्ही राज्यांतल्या आणि वेगवेगळ्या वर्षांच्या असतात. कोल्हापूरच्या गुन्हे अन्वेषण शाखेने पकडलेल्या टोळीमुळे निपाणीचे गुन्हे उघडकीस येतात आणि बेळगावने पकडलेल्या टोळीमुळे कोल्हापूरचे. एका वर्षाचा उकल-दर त्यामुळे उडी मारतो आणि पुढच्या वर्षी पडतो. पाच वर्षांची सरासरी पाहिल्याशिवाय त्यावरून काही म्हणू नये.

सापडलेली गाडी कोणाची, हे ठरवण्याचे तंत्र मात्र पाहण्यासारखे आहे. चोर चेसिस नंबर कानशीने घासतो आणि नवे आकडे ठोकतो. पण मूळ आकडा ठोकताना पत्र्याचा पृष्ठभागच नव्हे, त्याखालचा धातूही दबलेला असतो. घासलेली जागा गुळगुळीत करून तिच्यावर आम्लयुक्त द्रावण लावले की दबलेला धातू वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेला आकडा काही क्षण अंधुक वर येतो. तेवढ्यात तो टिपायचा, छायाचित्र घ्यायचे. त्यानंतर मालक सापडतो, तोही बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातला. त्याने न्यायालयातून सुपूर्तनाम्यावर गाडी सोडवायची. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट सांगितले की मुद्देमालाची वाहने ठाण्यात सडवू नयेत, छायाचित्रे आणि बंधपत्र घेऊन लवकर परत द्यावीत. तरी महामार्गावरच्या कोणत्याही ठाण्याच्या आवारात गवत चढलेल्या दुचाकी दिसतात. आकड्यांत त्या ‘हस्तगत’ असतात. मालकाच्या दारात पोहोचलेल्या नसतात. किती गाड्या परत मिळाल्या, ही संख्या वेगळी छापली गेली पाहिजे.

गेल्या काही वर्षांत ओळखीची साधने सुधारली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो आणि ती एकदाच बसणाऱ्या लॉकने जोडलेली असते. जुन्या गाड्यांसाठी कर्नाटकाने २०२३ मध्ये आदेश काढला, महाराष्ट्रात ही मोहीम २०२५ मध्ये चालली, आणि दोन्हीकडे मुदती वाढवाव्या लागल्या. मधल्या काळात कागलला जुनी प्लेट चालत होती आणि निपाणीला नवी बसवण्याचा आदेश निघालेला होता. ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीमुळे कोणत्याही राज्यातल्या गाडीची नोंद जागेवर तपासता येते. २०२१ पासून चारचाकींना फास्टॅग सक्तीचा असल्याने कोगनोळीच्या नाक्यावरून गेलेल्या मोटारीची वेळ नोंदली जाते. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही, म्हणून तिची अशी नोंदही नाही. शिवाय निपाणीहून मुधाळ तिट्ट्याकडे, बोरगावहून इचलकरंजीकडे, संकेश्वरहून गडहिंग्लजकडे, बेळगावहून चंदगडकडे जाणारे रस्ते आहेतच. चोराला महामार्गाची गरज नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने मात्र या पट्ट्यातली एक जुनी अडचण दूर केली. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते आणि ती घ्यावीच लागते. बेळगावात गाडी गमावलेला शेतकरी गडहिंग्लजच्या ठाण्यात मराठीत फिर्याद देऊ शकतो. तिथे ती शून्य क्रमांकाने नोंदली जाते आणि बेळगावच्या संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते. गुन्हा मोजला जातो तो बेळगावच्याच खात्यात.